बादलीचं कौतुक पुरे
२८ जानेवारी २०१७ ला चेन्नईजवळ एन्नोरच्या बंदराबाहेर दोन जहाजं धडकली. माझी पोस्टिंग तेव्हा चेन्नईत. काही दिवसांनी किनाऱ्यावर गेलो, तर तटरक्षक दलाचे जवान, मच्छिमार, कॉलेजची पोरं बादल्यांनी काळं तेल उपसत होती. आधी अभिमान वाटला, मग राग आला.

तेल पाण्यावर पातळ असतानाच तरंगते बूम टाकून अडवायचं आणि स्किमरने उचलायचं असतं. ते घट्ट होऊन दगडांत बसलं की यंत्रंही हरतात, उरते बादली. हे काम करणाऱ्या कंपन्या आहेत. बंदरं त्यांच्याशी करारही करतात. राष्ट्रीय आराखडा १९९६ पासून आहे आणि बंदराच्या हद्दीत पहिली जबाबदारी बंदराचीच.

पण करार म्हणजे तयारी नव्हे. आमच्या युनिटची फायर पार्टी कागदावर कधीच नापास होत नसे. रात्री दोनला घंटा वाजली की खरं काय ते कळायचं. तशीच घंटा तटरक्षक दलाने न सांगता बंदरात वाजवावी. बूम किती मिनिटांत पाण्यात पडला ते मोजावं आणि निकाल जाहीर करावा.

बादली घेऊन जवान येईलच, मित्रांनो. त्याला बोलवायची वेळ का आली, हे विचारायला शिका.

जय हिंद.