गुप्त मंडळी म्हणजे काय?

शब्दांचा उपयोग सैल झाला कीं विचारही सैल होतो. 'गुप्त मंडळी' हा शब्द याचें ठळक उदाहरण होय. 'फ्रीमेसन' या इंग्रजी नांवाचा शब्दार्थ 'मुक्त गवंडी' एवढाच. परंतु बंद दारामागें काय चालतें हें न कळल्यामुळें हिंदुस्थानांत लोक त्यांच्या लॉजला 'जादूघर' म्हणूं लागले, आणि इराणांत त्याच नांवाशीं जुळणारा 'फरामोशखाना', म्हणजे विस्मृतीचें घर, हा शब्द रूढ झाला. अज्ञानानें भय उपजविलें आणि भयानें शब्द घडविला.

वस्तुतः ही मंडळी कायद्यापासून लपलेली नव्हती. विलायतेंत १७९९ सालीं गुप्त मंडळ्यांविरुद्ध कायदा झाला, तेव्हां मेसनांस सवलत मिळाली ती सभासदांची यादी दरसाल सरकारदप्तरीं देण्याच्या अटीवर. तो कायदा १९६७ सालीं रद्द झाला. उलट हिंदुस्थानांत १९०८ च्या कायद्यानें केवळ सरकारी जाहीरनाम्यानें कोणतीही संस्था बेकायदा ठरविण्याची सोय झाली, आणि १९०९ सालीं बंगालची अनुशीलन समिति तशी ठरली. समितीचा मार्ग कोणास पसंत असो वा नसो. न्यायासनापुढें पुरावा न मांडतां संस्थेवर शिक्का मारणें हा न्याय नव्हे. साहेबाच्या दाराला कुलूप असलें तर तो शिष्टाचार, आणि तरुणाच्या दाराला असलें तर तो राजद्रोह!

मात्र मेसनांच्या 'बंधु' या शब्दापुढेंही आम्ही निमूटपणें मान डोलावणार नाहीं. मुंबईच्या युरोपियन लॉजनें माणकजी करसेटजी यांस प्रवेश नाकारला. पुढें १८४३ सालीं डॉ. जेम्स बर्न्स यांनीं एतद्देशीयांस मोकळें असें 'रायझिंग स्टार' लॉज काढलें. कलकत्त्यास प्रसन्नकुमार दत्त या हिंदु गृहस्थांस आंत घेण्यास १८७२ साल उजाडावें लागलें. भारताच्या ग्रँड लॉजांत स्त्रियांस तर आजही प्रवेश नाहीं. हें बंधुत्व खरें, पण उंबरठ्याच्या आंतलें!

सारांश, दार बंद आहे एवढ्यावरून कोणास चोर म्हणूं नये, आणि मुखीं बंधुत्व आहे एवढ्यावरून साव समजूं नये. सभासद कोण, पैसा कोठून येतो व कोठें जातो, आणि कोणास आंत घेत नाहींत, हे तीन प्रश्न विचारावे. आमच्या ज्ञातिसंस्थांनीं आणि व्यापारी मंडळांनींही ते प्रथम स्वतःस विचारावे. ज्यांस उत्तर देतां येत नाहीं, त्यांचीं दारें उघडीं असलीं तरी त्या मंडळ्या गुप्तच होत.