आधी गाणं, मग स्पीकर

तुम्ही काय ऐकता? स्पीकर घ्यायला निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न खरं तर हाच विचारायला हवा. पण दुकानदार विचारतो, "बजेट किती?" आणि मित्र विचारतात, "किती वॉटचे?" मग काय, नुकतंच इन्क्रिमेंट झालेलं असतं, नव्या वन बीएचकेचा हॉल रिकामा असतो, पंचवीसेक हजार खर्चायची तयारी असते... आणि घरी येतो पाच छोटे डबे नि एका मोठ्या खोक्याचा होम थिएटर सेट. सिनेमातलं हेलिकॉप्टर डोक्यावरून झक्कास जातं. भीमसेनजींचा आवाज मात्र बादलीतून आल्यासारखा वाटतो!

त्या सेटचा जन्मच सिनेमासाठी झालेला असतो, त्याला तरी काय बोलणार? आपण ऐकतो ती बहुतेक गाणी स्टिरिओ, म्हणजे दोन चॅनेलची. पंचवीस हजार पाच जणांत वाटले तर कुणाचंच पोट भरत नाही. दोघांतच वाटा. गाण्यासाठी दोन चांगले स्पीकर केव्हाही सरस.

तुमचा कान कुठला?

शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी तानपुऱ्याकडे लक्ष द्यावं. तो नीट लागलेला असला की न छेडलेला गंधारही आपोआप ऐकू येतो. स्पीकरमधून तो ऐकू आला, तर गायकाच्या आवाजाची चिंता नको. आणि डग्ग्याचा घुमार तबल्याच्या बोलांवर चढून बसत नाही ना, तेही बघा.

जुनी हिंदी-मराठी गाणी आवडतात? त्यातली बरीचशी मोनो आहेत. सगळी मजा मधल्या पट्टीत, म्हणजे गळा, बासरी आणि व्हायोलिनमध्ये. इथे सबवूफरवर पैसे घालवू नका. सोपी टेस्ट सांगते. दोन्ही स्पीकरच्या बरोब्बर मध्ये बसा. लताबाईंचा आवाज समोर, अगदी मधोमध उभा राहायला हवा.

रॉक, हिपहॉप, इलेक्ट्रॉनिकवाल्यांचं गणित वेगळं. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. शेल्फवर मावणारा, पाच इंची वूफरचा स्पीकर बहुधा पन्नास-साठ हर्ट्झच्या खाली दमतो. तेव्हा साडेसहा इंची वूफर बघा, नाहीतर आत्ता जोडी घ्या आणि सबवूफर पुढच्या बोनसवर ढकला.

वॉटचा फंडा

आमच्या लहानपणी कॉम्प्युटरच्या स्पीकरवर 'पीएमपीओ'चे हजारातले आकडे छापलेले असायचे. त्या आकड्यांना काडीचा अर्थ नव्हता. बघायचे ते आरएमएस वॉट. त्यातही गंमत अशी, की वॉट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने, म्हणजे जेमतेम जाणवेल इतकाच. त्यामुळे ५० ऐवजी १०० वॉटसाठी पाच हजार जास्त मोजण्याआधी सेन्सिटिव्हिटीचा आकडा विचारा. ८५ डेसिबलवाल्या स्पीकरला जितका आवाज काढायला १०० वॉट लागतात, तितका ८८ वाला ५० वॉटमध्ये काढतो.

आणि दहा बाय बाराच्या हॉलमध्ये तुम्हाला तेवढेही लागणार नाहीत. भिंतीपलीकडे शेजारी आहेत. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ध्वनीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि भिंतीतून सर्वांत आधी पार होतो तो बेसच!

खिसा आणि खोली

दहा हजारांच्या आत अँप्लिफायर पोटातच असलेली ॲक्टिव्ह जोडी घ्या. मोबाइल जोडला की काम झालं. वीस-तीस हजारांत त्याहून मोठी ॲक्टिव्ह जोडी, किंवा पॅसिव्ह स्पीकर आणि वेगळा अँप्लिफायर. दुसऱ्या पर्यायात पुढे एकेक वस्तू बदलता येते. सेकंडहँडही चालेल, फक्त वूफरच्या कोनाभोवतीची कड तडकलेली नाही ना, ते हात लावून बघा.

घरी आणल्यावर कोपऱ्यात कोंबू नका, बेस फुगतो. भिंतीपासून वीतभर तरी पुढे, ट्विटर कानाच्या उंचीवर, आणि दोन स्पीकर नि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण. चकाचक टाइल्सवर सतरंजी टाका. कुठल्याही महागड्या केबलपेक्षा ती जास्त उपयोगी.

हेडफोन आहेत की, मग एवढा खटाटोप कशाला? आमच्या घरी बाबा नाट्यसंगीतवाले, बहीण कोरियन पॉपवाली. वर्षानुवर्षं प्रत्येकाच्या कानात आपापली दुनिया होती. हॉलमध्ये स्पीकर आले आणि भांडणं सुरू झाली. पण बहिणीला आता वसंतराव देशपांडे ओळखता येतात आणि बाबा तिच्या गाण्यांवर पाय हलवतात, गुपचूप. एका घरात राहणाऱ्यांनी एकमेकांचं गाणं ऐकणं ही तशी दुर्मीळच गोष्ट झालीये.

म्हणून लॅमिंग्टन रोड असो की मॉलमधलं शोरूम, दुकानाची डेमो सीडी नम्रपणे नाकारा. घरातल्या प्रत्येकाचं एकेक पाठ असलेलं गाणं सोबत न्या. दोन जोड्यांची तुलना करताना आवाज सारखाच ठेवायला सांगा, कारण जे मोठ्याने वाजतं ते कानाला उगाचच चांगलं वाटतं. वीस मिनिटं शांत बसा. गाणं संपल्यावर पुढचं लावावंसं वाटलं, तर कार्ड बाहेर काढा. कान दुखले, तर चहा पिऊन पुढचं दुकान!