मंद उजेडाचा ताप

दिवे मालवले की मोबाईलचा उजेड पार तळाला न्यायचा, ही आता घरोघरची रीत. डोळ्यांना तेवढाच आराम! पण फोनचा पडदा ओएलईडी असेल, तर नेमके याच वेळी डोळे जास्त शिणू शकतात.

असे बरेच पडदे मंद होतात ते गॅस बारीक करण्याऐवजी शेगडी भराभर पेटवावी-विझवावी, तसे. अनेक फोनमध्ये हे सेकंदाला 240 किंवा 480 वेळा घडतं. उजेड जितका कमी, तितका पडदा विझलेला जास्त वेळ. ही लुकलुक दिसत नाही, पण काहींना ती बाधते, अर्धशिशीवाल्यांना विशेष. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा लुकलुकायच्या. तशाच ट्यूबना अतिजलद इलेक्ट्रॉनिक चोक लावल्यावर ऑफिसातल्या लोकांची डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाल्याचं अर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये 1989 साली दाखवलं होतं.

आपला फोन कसा आहे, हे पाहायला माझ्या मते पेन्सिल पुरे. अंधारात पडद्यावर कोरं पांढरं पान आणा, उजेड कमी करा आणि समोर पेन्सिल जोरात हलवा. सलग पुसट पट्ट्याऐवजी सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या, तर लुकलुक आहे.

रात्री पडदा पिवळा केल्याने रंग बदलतो, लुकलुक तशीच राहते. त्यापेक्षा मूळ उजेड निम्म्याच्या वर ठेवा आणि अँड्रॉइडवर ‘एक्स्ट्रा डिम’, आयफोनवर ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’ लावा. तिथे चित्रच गडद होतं. काही फोनमध्ये ‘डीसी डिमिंग’ची, म्हणजे शेगडी न विझवता गॅस बारीक करण्याची, सोय असते, तीही शोधा. खोलीत एखादा दिवा राहू द्या, म्हणजे पडदा इतका मंद करावाच लागणार नाही. एवढं करूनही डोळे दुखत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. चष्म्याचा नंबर किंवा कोरडेपणाही कारण असू शकतो.

दुकानात ‘120 हर्ट्झ’ म्हणून मिरवतात, तो आकडा चित्र बदलण्याचा. लुकलुकीचा आकडा वेगळा, पीडब्ल्यूएम नावाचा. काही नव्या फोनमध्ये तो 2160 किंवा 3840 पर्यंत जातो आणि साधारणपणे जितका जास्त तितका बरा. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलची चौकशी आपण कसून करतो. ते फोटो ज्या डोळ्यांनी बघायचे, त्यांच्यासाठीही एक आकडा विचारायला काय हरकत आहे?