अमोनिया कुणी मोजतं का?

"आमचा एसटीपी चालू आहे, बीओडी दहाच्या आत आहे." मैलापाण्याच्या प्रश्नावर महापालिकेकडून हे उत्तर हमखास येतं. बहुतेक वेळा ते खरंही असतं, आणि तरीही त्या केंद्रातून बाहेर पडणारं पाणी नदीसाठी वाईट असू शकतं. मी या क्षेत्रात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा येईल, पण वाचा.

एरेशन टाकीत दोन प्रकारचे जिवाणू काम करतात. एक घाण खाणारे. हे भराभर वाढतात, थोड्या हवेतही तग धरतात, बीओडी तेच उतरवतात. दुसरे अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे. हे फार सावकाश वाढतात आणि भलतेच नाजूक. हवा कमी पडली, पाणी आम्लधर्मी झालं, कुणी रात्री गटारात प्लेटिंगचं पाणी सोडलं, की पहिला बळी यांचा. बीओडीचा रिपोर्ट मात्र तसाच छान येत राहतो.

एका केंद्रावर (नाव घेत नाही) मला बोलावलं तेव्हा येणाऱ्या पाण्यात जेवढा अमोनिया, जवळपास तेवढाच बाहेर जात होता. पाणी दिसायला स्वच्छ. ठेकेदाराने तोवर बॅक्टेरियाच्या पावडरीचे डबे आणून ओतले होते, बिलंही निघाली होती. मी रात्रपाळीच्या ऑपरेटरला विचारलं, ब्लोअर किती चालतात? तो म्हणाला, "साहेब, रात्री एकच. वरून सांगितलंय, बिल कमी करा." एसटीपीच्या वीजबिलात निम्म्याच्या आसपास वाटा हवेचा असतो, त्यामुळे बचत सुचते ती तिथेच. पण १ किलो अमोनिया-नायट्रोजनला साधारण साडेचार किलो ऑक्सिजन लागतो. तो टाकीत दिला नाही तर नदी देते. नदीला वीजबिल येत नाही, एवढाच फरक.

दुसरं कारण गाळ. टाकीतला गाळ रोज थोडा काढावा लागतो. तिथे तो जरुरीपेक्षा जास्त काढला जात होता. हे जिवाणू दुप्पट व्हायला एखादा दिवस, कधी त्याहून जास्त घेतात. त्यांची वाढ होण्याआधीच तुम्ही त्यांना गाळासोबत बाहेर काढलंत, तर पावडर कितीही ओता, उपयोग शून्य.

मग काय केलं? फार काही नाही. गाळ काढणं कमी केलं. ब्लोअर रात्रीही चालू ठेवून डीओ २ च्या आसपास राखला. चुना दिला, कारण या प्रक्रियेत पाण्याची क्षारता संपते, १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ७ मिलिग्रॅमच्या वर. आणि नीट चालणाऱ्या दुसऱ्या केंद्रातून टँकरने ताजा गाळ आणून टाकला, विरजण लावतात तसं. तीन-चार आठवडे धीर धरावा लागला. वरचे साहेब रोज फोन करायचे, "झालं का?"

अर्थात एवढ्याने सगळं सुटत नाही. तयार झालेलं नायट्रेटही जलपर्णीचं खाद्यच. त्यासाठी बिनहवेच्या टाकीत पुढचा टप्पा लागतो. त्यात गेलेली निम्मी क्षारता परत मिळते, पुन्हा थोडा ऑक्सिजनही वाचतो. पण पहिला टप्पाच बंद असेल तर दुसरा कशावर चालणार?

आता नियमांची गंमत बघा. २०१५ च्या केंद्राच्या मसुद्यात अमोनियासाठी ५ मिलिग्रॅमची मर्यादा होती. ऑक्टोबर २०१७ च्या अंतिम अधिसूचनेत बीओडी राहिला, नायट्रोजन गळाला. २०१९ मध्ये हरित लवादाने एकूण नायट्रोजन १० च्या आत ठेवायला सांगितलं. केंद्रांवरच्या रोजच्या नोंदवहीत मात्र अमोनियाचा रकाना मी अनेक ठिकाणी कोराच पाहिलाय. (रकाना असतो, हे विशेष.)

हे तांत्रिक वाटतं ना? पुण्याचं मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत जातं आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. दिल्लीत यमुनेतला अमोनिया वाढला की जलशुद्धीकरण केंद्रांचं उत्पादन कमी करावं लागतं, दरवर्षीची बातमी आहे ती. कारण साधं: १ भाग अमोनिया-नायट्रोजन संपवायला ८ ते १० भाग क्लोरीन लागतो. वरच्या शहराने ब्लोअरचं वाचवलेलं बिल खालचं शहर असं भरतं.

नव्या एसटीपीच्या निविदांना माझा विरोध नाही. पण आहेत त्या केंद्रांत हे जिवाणू जिवंत आहेत का, ते आधी बघा. तुमच्या नगरसेवकाला विचारा, नाहीतर माहिती अधिकारात मागा: गेल्या तीन महिन्यांचे येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्यातल्या अमोनियाचे आकडे, रात्री बारा ते पहाटे पाचच्या डीओच्या नोंदी, आणि गाळ किती काढला त्याचं रजिस्टर. उत्तर मिळालं तर इथे कमेंटमध्ये टाका, वाचून काय दिसतंय ते मी सांगेन.