मुलकोवालची बाटली

लस टोचून घेतल्यावर अमुक मनुष्य दगावला, एवढी वार्ता कानी पडताच समाजाचे तत्काळ दोन तट पडतात. एक लसीलाच मारेकरी ठरवून मोकळा होतो, दुसरा शास्त्राच्या अब्रूचा प्रश्न आल्यासारखा मृताच्या आप्तांनाच अडाणी म्हणतो, आणि या कोलाहलात मृत्यूचे कारण शोधून काढण्याचे जे खरे काम, ते मात्र बेवारस राहते. हा वाद आजचा नव्हे. आपल्या मुंबईशी निगडित असलेले त्याचे एक जुने दप्तर आजही उघडून पाहण्याजोगे आहे.

१८९६ साली मुंबईच्या मांडवीत प्लेग उद्भवला, तेव्हा वॉल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी प्लेगची लस सिद्ध केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिचा पडताळा पाहिला. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसातील प्रयोगशाळेतून ही लस देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना ती टोचली गेली, आणि त्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने मरण पावले. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या होत्या. मेलेले सर्व जण ५३-एन या एकाच बाटलीतून टोचलेले होते. इतर बाटल्यांची लस घेतलेल्यांच्या केसालाही धक्का लागला नाही.

सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला, हाफकिन कामावरून दूर झाले, आणि १९०४ साली त्यांनी हा देश सोडला. वस्तुतः त्याच चौकशीच्या जबान्यांत निराळीच हकीगत नमूद होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता, नुसता कार्बॉलिकमध्ये बुडवून, त्यानेच बूच ओढले होते. शिवाय धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढले असते तर जी दुर्गंधी सुटावयास हवी, ती उघडणाऱ्या डॉक्टरांना मुळीच आली नव्हती. हे कागद १९०६ च्या अखेरीस छापून बाहेर आले, तेव्हा कोठे रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांना लंडनच्या ‘टाइम्स’मधून हाफकिन यांची बाजू मांडता आली, आणि १९०७ मध्ये त्यांच्यावरील बालंट दूर झाले. परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव मिळण्यास १९२५ साल उजाडले. मुलकोवालचे मृत्यू टोचणीपायीच झाले होते, लसीपायी नव्हे. आणि ‘लस निर्दोष आहे’ अशा नुसत्या घोषणेने हा भेद कधीही उलगडला नसता. तो उलगडला तो बाटलीच्या क्रमांकाने, पडलेल्या चिमट्याने आणि लोकांच्या हाती आलेल्या कागदांनी.

कोविडवरील कोविशील्ड लसीचा वाद या कसोटीवर घासून पाहावा. २०२४ च्या एप्रिलमध्ये, या लसीने क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात हे ती विकसित करणाऱ्या कंपनीने इंग्लंडच्या न्यायालयात मान्य केल्याची बातमी आली आणि एखादे मोठे गुपित फुटल्यासारखी घरोघर घबराट पसरली. पण आपल्या आरोग्य मंत्रालयाने १७ मे २०२१ रोजीच अशा संभाव्य २६ घटना जाहीर केल्या होत्या. दर दहा लाख मात्रांमागे ०.६१, असे त्यांचे प्रमाण होते, आणि त्याच निवेदनात इंग्लंडचे प्रमाण ४ व जर्मनीचे १० दिले होते. आपला आकडा इतका अल्प का? आपल्या वंशाच्या लोकांना हा धोकाच कमी, असे सरकारचे उत्तर होते. ते खरेही असेल. पण जेथे कित्येक मृत्यूंचे वैद्यकीय कारणच धडपणे नोंदले जात नाही, तेथे अल्प आकडा हा अल्प नोंदींचाही परिणाम असू शकतो, ही शंका घेणारा मनुष्य लसविरोधक ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २ मे २०२२ च्या निकालात एकीकडे कोणावर लसीची सक्ती करता येणार नाही असे सांगितले, आणि दुसरीकडे नागरिकांना व खासगी डॉक्टरांना संशयित दुष्परिणाम नोंदवता येतील व ते सर्वांना पाहता येतील, अशी व्यवस्था करण्याचा हुकूम केंद्र सरकारला दिला.

लसीबाबत घबराट पसरवणारे आकड्यांविषयीचे हेच अज्ञान, हल्ली वाढदिवसाची भेट म्हणूनसुद्धा दिल्या जाणाऱ्या ‘फुल बॉडी चेकअप’च्या बाबतीत उलट्या दिशेने नडते. समजा, हजारांत पाच जणांना असणारा एक रोग आहे, आणि त्याची चाचणी एकाही रोग्यास निसटू देत नाही, परंतु शंभर निरोग्यांपैकी पाचांना चुकून रोगी ठरवते. तर हजारांच्या तपासणीत सुमारे पंचावन्न जणांचे अहवाल रोग दाखवतील व त्यांतील पन्नास माणसे धडधाकट असतील. दक्षिण कोरियात गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागल्यावर थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान २०११ पर्यंत १९९३ च्या पंधरा पट झाले. त्या रोगाने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले, आणि हजारो लोक ग्रंथी काढून टाकून जन्मभराच्या गोळ्या घेत बसले. लसीबाबत लाखांत एखादा धोका ऐकून गर्भगळित होणारा गृहस्थ अहवालातील एका तांबड्या आकड्यापुढे मात्र निमूटपणे मान तुकवतो, हे मला मोठे विलक्षण वाटते.

आता पुन्हा लसीकडे वळू. लसीकरणानंतरच्या विपरीत घटनांची छाननी करणाऱ्या समित्या आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांचे निष्कर्ष, रुग्णाचे नाव वगळून, मात्रेच्या बॅच क्रमांकासह आणि कारणमीमांसेसह, ठरावीक मुदतीत व शुद्ध मराठीत प्रसिद्ध करण्याचा हुकूम राज्याच्या आरोग्य खात्याने काढावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, आणि खर्च म्हणाल तर कागदाचा.