उद्देशिका पाठ झाली, पुढे काय?

जानेवारी २०२० मध्ये दोन शेजारी राज्यांना एकाच सुमारास संविधानाची आठवण झाली. महाराष्ट्राने शाळांच्या परिपाठात उद्देशिकेचे वाचन सक्तीचे केले. छत्तीसगडचे तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी प्रजासत्ताकदिनी जगदलपूर येथे शाळांतून संविधानाचे वाचन व चर्चा घडवण्याची घोषणा केली. त्याच भाषणात त्यांनी गोंडी, हलबी आदी भाषांतून प्राथमिक शिक्षण देण्याचेही जाहीर केले. पुढे दोन्ही राज्यांत सरकारे बदलली. प्रश्न मात्र तोच राहिला.

वाचनाला भिंतीवरचा फलक पुरतो. चर्चेला साहित्य लागते आणि मुलाच्या भाषेत बोलणारा शिक्षकही. रायपुरातील मराठी घरातल्या मुलाला शाळेच्या हिंदी उद्देशिकेत 'पंथनिरपेक्ष' हा शब्द भेटतो, तर मराठी उद्देशिकेत 'धर्मनिरपेक्ष'. दोन्ही शब्द समजावणारे कोणी तरी त्याच्या घरी असू शकते. पण ज्या बस्तरच्या मुलाला हिंदीच मुळात परकी, त्याच्या दृष्टीने हे पठण मंत्रोच्चारापलीकडे जात नाही. म्हणूनच त्या दोन घोषणा परस्परांपासून तोडता येत नाहीत.

नागरिकशास्त्राच्या अध्यापनाचा आणखी एक दोष म्हणजे मुलांपुढे कर्तव्यांची यादी आधी येते आणि हक्क मागाहून. वास्तविक २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि त्याच दुरुस्तीने त्यांना शिक्षणाची संधी देण्याचे कर्तव्य आईवडिलांवर व पालकांवर सोपवले. हक्क मुलाचा, कर्तव्य मोठ्यांचे! एवढे एक उदाहरण वर्गात नीट उलगडले, तर दोहोंचे नाते मुलांना कळेल.

त्यासाठी महागड्या संचांची गरज नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार अनुदानित व सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. त्या समितीच्या बैठकीचा वृत्तांत आणि माध्यान्ह भोजनाची नोंदवही यांहून जिवंत पाठ्यपुस्तक कोणते? रायपूरच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने यावर आधारित पाठ स्थानिक भाषांत तयार करून प्रत्येक शाळेपर्यंत पोहोचवावेत.

अडचण साहित्याची कमी, प्रशासकीय मनोवृत्तीची अधिक आहे. हक्क समजलेले मूल प्रश्न विचारणार, आणि पहिला प्रश्न आपल्याच शाळेच्या नोंदवहीबद्दल विचारणार. त्या प्रश्नाला उत्तर देण्याची तयारी नसेल, तर उद्देशिका रोज म्हणवून घेणे हा केवळ उपचार ठरेल.