आवाज येतो, शब्द येतात काय?

आमच्या गावाचे नाव तामसी असले, तरी येथील सायंकाळ सात्त्विक असते, असा आमचा जुना दावा आहे. आदिलाबाद जिल्ह्याच्या या टोकाला दिवेलागणीस आमच्या घरी ‘गीतरामायण’ लागते. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झालेल्या त्या छप्पन्न गीतांचे आमच्या वडिलांना वेड होते. नोकरी लागल्यावर त्यांनी ध्वनिमुद्रिका जमविल्या आणि व्हॉल्व्हचा एक ॲम्प्लिफायर घेतला. वडील गेले. पुढे तो ॲम्प्लिफायरही मुका झाला.

मातोश्रींची सायंकाळ सुनी जाऊ नये म्हणून आम्ही गेल्या दसऱ्यास शहरातून एक झगमगते यंत्र आणले. त्यावर हजारांच्या आकड्यात वॅट छापले होते. आवाज अंगणापर्यंत गेला; पण बाराव्या दिवशी स्पीकरमधील बारीक स्वरांचा ट्वीटर जळाला. मातोश्री शांतपणे म्हणाल्या, ‘आवाज त येते बापू, पन शब्द नाई येत.’

हे वाक्य आम्हांस फार लागले. ज्या घरात मराठी कानावर पडण्याचे एक मोठे साधन गाणे हेच आहे, तेथे शब्दच हरपले तर उरले काय? म्हणून पन्नाशी उलटल्यावर आम्ही पुन्हा विद्यार्थी झालो. जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिला घोटाळा नावांचा. व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर, हा प्रश्न यंत्र कशाचे बनले याचा. ट्रान्झिस्टर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ साली जन्मला. त्यापूर्वी सारा कारभार व्हॉल्व्हचा होता. ‘ए’, ‘बी’, ‘एबी’, ‘डी’ हे वर्ग मात्र यंत्र काम कसे करते ते सांगतात. वर्ग म्हटल्यावर आम्हांस शाळाच आठवणार. ‘ए’ वर्गातील शिक्षक मुले असोत वा नसोत, दिवसभर उभाच. काम निर्दोष, पण वेतन सदैव पूर्ण. घेतलेल्या विजेचा निम्म्याहून अधिक भाग नुसत्या उष्णतेत जातो. ‘बी’ वर्गात दोन शिक्षक ध्वनिलहरीचा अर्धा-अर्धा भाग सांभाळतात. पण एक बाहेर पडून दुसरा आत येईपर्यंत जो गलका होतो, तो गाण्यात खरखर होऊन ऐकू येतो. ‘एबी’ वर्गात दुसरा आत आल्याशिवाय पहिला हलत नाही. ‘डी’ची तऱ्हा निराळी. तेथे वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होते आणि शेवटी गाळणीतून मूळ लहर निघते. त्यात वीज फारच थोडी वाया जाते. ‘डी’ म्हणजे डिजिटल, ही समजूत मात्र चुकीची. ते केवळ ‘सी’नंतरचे अक्षर आहे.

दुसरा घोटाळा वॅटचा. ‘पी.एम.पी.ओ.’ हा आकडा जाहिरातीचा; ‘आर.एम.एस.’ वॅट किती आणि किती ओहमला, एवढेच विचारावे. साधारण घरगुती स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८६-८७ डेसिबल आवाज देतो. बारा बाय पंधराच्या खोलीत हे पुष्कळ झाले. वॅट दुप्पट केले तर अवघे तीन डेसिबल वाढतात. आवाज कानाला दुप्पट वाटण्यास वॅट दसपट लागतात. आमच्या यंत्राची खरी ताकद तुटपुंजी होती. ताकदीबाहेर ताणल्यावर ध्वनिलहरींचे माथे छाटले गेले आणि तो मार ट्वीटरने सोसला. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ ही व्यंजने ओळखू येतात ती बहुतांशी वरच्या पट्टीतील ध्वनींवरून. आणि वयाबरोबर कान प्रथम तीच पट्टी गमावतात. स्वर गर्जत होते, व्यंजने बुडाली होती. मातोश्रींचे निदान अचूक होते!

ट्वीटर बदलला आणि परीक्षा मांडली. वडिलांचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर दुरुस्त करून घेतला, एका सहकाऱ्याचा ‘एबी’ उसना आणला आणि चिरंजीवांनी तळहाताएवढा ‘डी’ आणला. त्यांनी मोबाइलवरील मापकाने तिघांचा आवाज सारखा केला. कारण किंचित मोठा आवाज नेहमीच सरस भासतो. मातोश्रींना पाठमोरे बसविले. तिन्ही यंत्रांत त्यांना फरक सांगता आला नाही. खरे तर आम्हांसही नाही. मात्र स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यातून काढून त्यांच्या खुर्चीपासून चार फुटांवर, कानांच्या उंचीला ठेवले, तेव्हा त्या सूनबाईंना म्हणाल्या, ‘आता समजते.’

मग निवड सोपी झाली. आदिलाबादचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना भिडतो. तेथे ‘ए’ वर्गाची शेगडी नको. व्हॉल्व्हमध्ये शेकडो व्होल्ट खेळतात, आणि स्पीकर न जोडता ते चालविल्यास आतील ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका. घरात नातवंडे आहेत. वीज वारंवार जाते आणि इन्व्हर्टरवर भिस्त आहे, अशांनी ‘डी’ निःशंक घ्यावा. आम्ही चाळीस वॅटचा ‘एबी’ घेतला, तो एवढ्याचसाठी की त्यातला एखादा ट्रान्झिस्टर गेला तर आमचा दुरुस्तीवाला तेवढाच बदलून देईल. उरलेले पैसे चांगल्या स्पीकरला आणि मातोश्रींच्या कानांच्या तपासणीला लावले.

वडिलांच्या यंत्राचे काय करावे, हे विचारण्याचा धीर आम्हांस होईना. मातोश्रींनीच तो प्रश्न सोडविला. ‘त्याईचं राहू दे कपाटावर. गानं याच्यावरच लाव.’

त्या सायंकाळी दुसऱ्या कडव्यापासून त्या गाऊ लागल्या. शब्द एकही चुकला नाही.